बेळगाव नावाचं कुलूप

खानापूर तालुक्यातल्या एका डिग्री कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: फर्स्ट इयरच्या पोरांना लायब्ररीचा ओपॅक (कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग), शोधगंगा (पीएचडीच्या प्रबंधांचा साठा), गूगल स्कॉलर (संशोधन लेख शोधायचं गूगल), एन-लिस्ट (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि जर्नल देणारी योजना) हे सगळं शिकवायचंय, पण ओरिएंटेशनचं लेक्चर ठेवलं की निम्मी मोबाईलमध्ये आणि निम्मी झोपेत, मग कोड्यांचा खेळ करून, कुलपं उघडत पुढे जायचं असं काही बसवलं तर जमेल काय, आणि कशापासून सुरुवात करू?

जमेल. मी बेळगावातल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत वीसेक वर्षं काढलीत आणि हा खेळ पाच-सहा वेळा बसवलाय, त्यातले पहिले दोन सपशेल आपटले, म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

पहिला कसा आपटला ते आधी सांगतो. मी केलं असं की पुस्तकांत चिठ्ठ्या लपवल्या, एका चिठ्ठीत पुढच्या पुस्तकाचा पत्ता, त्यात त्याच्या पुढच्याचा. वाटलं काय झकास आयडिया. चाळीस पोरं एकदम स्टॅकमध्ये घुसली, रॅकवरची पुस्तकं उपसली, एकाने तर दुसऱ्या टीमची चिठ्ठी खिशातच घातली आणि दुपारी पावसाने लाईट गेली ती गेलीच. आमच्या अटेंडंट मामांनी पुढचे दोन दिवस पुस्तकं जागेवर लावण्यात घालवले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण खरी गंमत पुढे आहे. पंधरा दिवसांनी त्याच पोरांतला एक काउंटरला येऊन विचारतोय, सर कर्नाटकच्या इतिहासाची पुस्तकं कुठल्या कपाटात असतात. म्हणजे धावाधाव झाली, मजा आली, फोटो निघाले, पण शिकले काय तर चिठ्ठी शोधायला. पुस्तक शोधायला नाहीच.

तिथून मी एक गोष्ट पक्की केली आणि सगळा खेळ त्याच्यावरच उभा करतो: कुलूप असं पाहिजे की ते टूल नीट वापरल्याशिवाय उघडताच येऊ नये. सांकेतिक लिपी, आरशात वाचायची चिठ्ठी, अक्षरं तीन घरं पुढे सरकवायची वगैरे प्रकार दिसायला भारी दिसतात पण त्यातून पोरगं लिपी सोडवायला शिकतं, लायब्ररी नाही. (एकदा मी मोडीतली एक ओळ घातली होती, पोरांना फार आवडली, दोघांनी नंतर मोडी शिकायलाही घेतली, पण खेळाचं काम काही झालं नाही. तरी ती ओळ काढायला जीव होत नाही, ठेवलीय तशीच.)

आता आपल्या भागाचं. पुण्या-मुंबईत बनवलेला खेळ तुम्ही उचलून आणलात तर तो इथे अर्धाच चालेल, कारण आपल्याकडचं सगळ्यात मोठं कुलूप म्हणजे आपल्या गावाचं नाव. बघा ना, १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये (जिल्ह्यावरच्या सरकारी माहितीग्रंथात) जे इंग्रजी स्पेलिंग आहे, शेवटी ए-यू-एम वालं, तेच पुढे सव्वाशे वर्षं चाललं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणजे त्यानंतरचे रिसर्च पेपर, रिपोर्ट, थिसिस नव्या स्पेलिंगने. मराठीत बेळगाव, जुन्या छपाईत गांववर अनुस्वार देऊन बेळगांव, कन्नडात बेळगावि, आणि प्राचीन इतिहासाच्या लेखात गेलात तर वेणुग्राम. कॉम्प्युटरला ही सगळी वेगवेगळी गावं. अनुस्वाराचा एक ठिपका असला नसला तरी काही कॅटलॉगमध्ये रिझल्ट बदलतो. आणि कबूल करतो, यात पाप माझंही आहे, कारण सुरुवातीला कॅटलॉग कॉम्प्युटरवर चढवताना मराठी पुस्तकांची नावं आम्ही इंग्रजी अक्षरांत टाईप करायचो, आणि डेटा एंट्रीच्या पोराला ज्या दिवशी जे स्पेलिंग सुचलं ते पडलं.

म्हणून माझं पहिलं खरं कुलूप हेच असतं. टीमला एक पुस्तक शोधायचंय, विषय माहितीय, नाव नाही, ओपॅकमध्ये सापडलं की त्याचं प्रकाशन वर्ष हा कुलपाचा आकडा. गेल्या खेपेचं सांगतो. खानापूरकडची एक मुलगी, बसने येणारी, टीममध्ये कीबोर्ड तिच्याकडे.

"सर, काहीच येईना."

"काय टाकलीस?"

"बेळगावी टाकलो की सर, इंग्लिशमध्ये."

"पुस्तक कधीचं असेल वाटतंय?"

ती गप्प बसली, चिठ्ठी परत वाचली, त्यात 'मुंबई राज्यात असताना' असा एक शब्द पेरलेला होता. मुंबई राज्यात म्हणजे १९५६ च्या आधी. बाजूचा पोरगा म्हणाला अगं तेव्हा जुनं नाव असणार की. जुनं स्पेलिंग टाकल्याबरोबर अकरा पुस्तकं आली. मग मी म्हटलं, दोन्ही एकदम मागता येतात काय बघा. कुणीतरी इंग्रजीतली बी-ई-एल-जी ही चार अक्षरं टाकून पुढे तारा (*) लावला, कारण तारा लावला की पुढचं काहीही चालतं हे मी सकाळी सांगितलेलं. आलं काय? बेळगावच्या जोडीला बेल्जियमचा इतिहास. सगळी टीम हसायला लागली, आणि नवं स्पेलिंग तर त्यात आलंच नाही, कारण त्यात एल नंतर ए आहे. त्या दोन मिनिटांत तारा कुठे चालतो, कुठे घसरतो आणि दोन्ही नावं मधे 'ऑर' टाकून का मागायची हे त्या चौघांना जे कळलं ते मी स्लाईडवर दहा वर्षं दाखवून कळलं नव्हतं. हा 'ऑर' गूगल स्कॉलरमध्ये इंग्रजी कॅपिटलमध्येच टाका असं सांगून ठेवा, लहान अक्षरांत तो त्याला साधा शब्द समजतो.

हीच गंमत खानापूरची. तुमच्या पोरांना खानापूर टाकून पेपर शोधायला लावा, निम्मे निघतील सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे, विट्याकडचे. शहापूर टाकलं तर आपलं शहापूर, यादगिरकडचं शहापूर आणि ठाण्याचं शहापूर, तिन्ही. इथे 'ऑर'ने काम होत नाही, इथे 'अँड' लावून जिल्ह्याचं नाव जोडावं लागतं. नाव अनेक असतील तर ऑर, गावं अनेक असतील तर अँड, एवढं डोक्यात बसलं की बूलियन सर्च संपला. बूल नावाचा गणिती होऊन गेला वगैरे नंतर सांगा, आधी नको.

दुसरं कुलूप रॅकवरचं, आणि हे माझं सगळ्यात आवडतं. पुस्तकांना विषयाप्रमाणे नंबर देणाऱ्या ड्यूई पद्धतीत भारताचा इतिहास ९५४. त्यात महाराष्ट्र ९५४.७९२, गोवा ९५४.७९९, कर्नाटक ९५४.८७. आता बेळगाववरचं पुस्तक कुठे? मुंबई इलाख्याचं गॅझेटियर ज्याने वर्गीकृत केलं त्याने ७९ मध्ये टाकलेलं असू शकतं, कर्नाटक सरकारचं जिल्हा गॅझेटियर ८७ मध्ये, आणि सीमाप्रश्नावरची पुस्तकं तर ग्रंथपालाच्या मनाप्रमाणे, काही राज्यशास्त्रात ३२० च्या घरात. एकाच गावाची पुस्तकं तीन रॅकवर. सीमाप्रश्न ड्यूईलासुद्धा सुटलेला नाही असं मी म्हणतो, आणि दोन्ही बाजूची पोरं हसतात, अजूनपर्यंत कुणी भांडलेलं नाही.

या कुलपात सापळा दशांशाचा आहे. पोरांना ९५४.७९२ आणि ९५४.८७ दिले की दहातली सात-आठ पोरं म्हणतात ७९२ मोठा, तो नंतर येणार. रॅकवर जाऊन उलट्या बाजूने शोधत बसतात. बसू द्या पाच मिनिटं. मग विचारा, बारावीत ९५.७९ टक्के आणि ९५.८ टक्के, नंबर कुणाचा वर? लगेच ट्यूब पेटते. टिंबानंतरचे आकडे एकेक करून वाचायचे, सातशे ब्याण्णव असं नाही. चिठ्ठी पुस्तकात लपवू नका, आधीच सांगितलं तसं माझ्या अटेंडंट मामांचा शाप लागेल. त्यापेक्षा पुस्तकाच्याच अंगावरचं काहीतरी विचारा: ज्या दोन पुस्तकांच्या मधे हे बसतं त्यातल्या उजवीकडच्या पुस्तकाचा ॲक्सेशन नंबर (लायब्ररीच्या नोंदवहीतला त्या प्रतीचा नंबर), किंवा शेवटच्या सूचीत हलशी हा शब्द कितव्या पानावर दिलाय ते. पुस्तक जागेवरच उघडून बघायचं, उचलून न्यायचं नाही. आणि प्रत्येक टीमला वेगळं पुस्तक द्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर उत्तर दोन मिनिटांत फिरतं, माझा दुसरा खेळ याच्यानेच आपटला.

सूचीचं वरवर सांगून सोडू नका, थोडा वेळ द्या त्याला. गॅझेटियरचा एकविसावा खंड, बेळगावचा, म्हणजे शेकडो पानं. पोरं पहिल्या पानापासून वाचायला घेतात किंवा पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ मारतात आणि जुनी स्कॅन असेल तर अक्षरं नीट ओळखली गेलेली नसतात, शून्य रिझल्ट. मग म्हणतात पुस्तकात नाही. पुस्तकात असतं, मागे सूचीत जुन्या स्पेलिंगने असतं. धारवाड तिथे शेवटी आर लावून आहे. ज्या पोराला एकदा छापील सूचीतून गाव सापडलं तो परत पीडीएफवर आंधळा विश्वास ठेवत नाही.

खेळाला गोष्ट लागते, त्याशिवाय पोरं रमत नाहीत. मी घेतो डिसेंबर १९२४, टिळकवाडीचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष होते ते आयुष्यातलं एकमेव. त्या नगराला विजयनगर नाव दिलेलं, पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीला पंपा सरोवर. आपली पोरं रोज काँग्रेस रोडवरून जातात, विहीर अजून आहे, पण निम्म्यांनी आत जाऊन बघितलेलं नसतं. माझी गोष्ट अशी की त्या अधिवेशनातल्या एका स्वयंसेवकाची वही हरवलीय आणि तिची पानं शोधायचीत. वही काल्पनिक, हे मी सुरुवातीलाच फळ्यावर लिहितो, कारण पहिल्या वर्षी एका पोराने ती वही खरी समजून आपल्या प्रोजेक्टात संदर्भ म्हणून दिली. चूक माझीच, त्याची काय.

या गोष्टीचा फायदा असा की गांधीजींचं अध्यक्षीय भाषण त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे आणि तिथे एक सुंदर फसगत तयार बसलेली आहे. इंग्रजी छापील संच शंभर खंडांचा. कॉम्प्युटरवरची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती अठ्ठ्याण्णव खंडांची. दोन्हींत खंडाचे आकडे जुळत नाहीत. एका टीमने रॅकवरून खंड नंबर आणला, दुसऱ्या टीमने स्क्रीनवरून, दोघेही बरोबर आणि दोघांचं उत्तर वेगळं, मग भांडण. भांडू द्या. कुठली आवृत्ती हे लिहिल्याशिवाय खंड आणि पान नंबर लिहिण्याला अर्थ नाही हे त्या भांडणातून जेवढं कळतं तेवढं एरवी एमएला येईपर्यंत कळत नाही. आणि शंभर खंडांत भाषण शोधायचं कसं, तर संच तारखेप्रमाणे लावलाय, २६ डिसेंबर १९२४ धरून चालायचं, हे त्यांचं त्यांना सुचू द्या.

आवृत्तीवरून आठवलं, आयएसबीएनचं कुलूप पोरांना फार आवडतं, सायन्सच्या तर जास्तच. पुस्तकाच्या मागचा तेरा आकडी नंबर, त्यातला एक आकडा वाळवीने खाल्लाय म्हणायचं. हा नंबर मी नुसता उदाहरणाला बनवलाय: ९७८८१२५_४१६०७. पहिल्या आकड्याला एकने गुणा, दुसऱ्याला तीनने, परत एक, परत तीन, असं शेवटपर्यंत, आणि सगळ्याची बेरीज दहाच्या पाढ्यात बसली पाहिजे. रिकामी जागा सोडून बेरीज करा: ९, २१, ८, २४, १, ६, ५, मग गाळलेली जागा, पुढे ४, ३, ६, ०, ७. झाले ९४. गाळलेला आकडा आठव्या जागेवर म्हणजे तीनने गुणायचा. ९४ मध्ये तिनाच्या पाढ्यातलं काय घातलं की शेवटी शून्य येईल? ६. म्हणजे आकडा २. दुसरं काही बसतच नाही, करून बघा. कुठलाही एक आकडा असा परत काढता येतो. पण नुसता आकडा काढून कुलूप उघडू देऊ नका, नाहीतर परत गणिताचंच कोडं झालं. तो पूर्ण नंबर ओपॅकमध्ये टाकायचा, जे पुस्तक येतं त्याची आवृत्ती कितवी ते उत्तर. म्हणजे दर आवृत्तीला, पेपरबॅक-हार्डबाउंडला नंबर वेगळा असतो हे हाताने कळतं.

शोधगंगेचं कुलूप मात्र नीट वेळ काढून बनवा. इन्फ्लिबनेटने चालवलेला हा थिसिसचा साठा, आणि आपल्या पोरांना वाटतं तिथे फक्त पीएचडीवाल्यांचं काम. बेळगाववरचा प्रबंध कुठल्या विद्यापीठात असेल असा प्रश्न ठेवा. राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं २०१० ला, त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे, ते झालं १९४९ ला, त्याच्याआधी सगळं मुंबई विद्यापीठ. आणि निपाणीकडच्या पोरांचं तर वेगळंच, तिथलं देवचंद कॉलेज गावाला लागून, पण हद्द कागल तालुक्याची आणि विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी, जे १९६२ ला झालं. म्हणजे सीमाभागावरचं संशोधन चार विद्यापीठांत पसरलंय आणि फक्त आपल्या विद्यापीठाचं नाव निवडून शोधलं तर तीन चतुर्थांश दुनिया गायब. हे पोरांना सांगू नका, कुलूप असं ठेवा की आपलं विद्यापीठ निवडलं तर उत्तर सापडूच नये.

थिसिस सापडला की त्यातला एकच भाग उघडायला लावा, शेवटची संदर्भसूची. शोधगंगेवर प्रबंध बहुतेक वेळा तुकड्या-तुकड्यांत असतो, मुखपृष्ठ वेगळं, सर्टिफिकेट वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळी फाईल. पोरं पहिली फाईल उघडतात, त्यात मुखपृष्ठ आणि नाव, आणि म्हणतात सर रिकामा आहे. संदर्भसूचीतून एक लेख निवडायचा, तो गूगल स्कॉलरमध्ये टाकायचा, आणि खाली 'साईटेड बाय' दाबून त्याच्यानंतर कुणी त्याचा उपयोग केलाय ते बघायचं. मागे जायचं तर संदर्भसूची, पुढे जायचं तर साईटेड बाय. नद्यांसारखं आहे, उगमाकडे पण जाता येतं आणि घटप्रभेसारखं खाली कृष्णेपर्यंत पण.

इथे एक धोक्याची सूचना, मी स्वतः भाजलोय. रिझल्ट किती आले किंवा साईटेड बायचा आकडा किती, असला प्रश्न कुलपाला कधीच ठेवू नका. सोमवारी ४२ असतो, गुरुवारी ४५. कुलूप उघडेना म्हणून टीम रडकुंडीला आली आणि मी म्हणतोय चुकताय तुम्ही, आणि चुकलेलो मी. उत्तर न बदलणारं पाहिजे: प्रकाशन वर्ष, लेखाचं पहिलं पान, आयएसएसएनचा, म्हणजे जर्नलच्या ओळख नंबरचा, शेवटचा आकडा (तो कधी कधी एक्स असतो, पोरं त्याला छपाईची चूक समजतात), डीओआयच्या, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाईन नंबरच्या, तिरक्या रेघेच्या पुढचा भाग.

टीम कशा पाडायच्या ते विचारायचं राहिलं असेल तर सांगतो, चार-चारच्या, आणि मुद्दाम मिसळून. एक मराठी माध्यमाचं, एक कन्नड माध्यमाचं, एक इंग्लिश मीडियमचं, एक कुणीही. मग एक कुलूप असं ठेवा की उत्तर कन्नड पुस्तकाच्या नावाच्या पानामागे आहे आणि वर्ष कन्नड आकड्यांत छापलंय. कन्नड एक मराठी शून्यासारखा दिसतो, पूर्ण मिटलेला नसतो एवढंच, त्यामुळे मराठी माध्यमाचं पोरगं भलतंच वर्ष वाचतं आणि कन्नड माध्यमाचं पोरगं पहिल्यांदा त्या टीमचा राजा होतं. जे पोरगं तोवर मागे उभं असतं ते पुढे येतं. पुढच्या कुलपाला मराठी विश्वकोश लागतो, तिथे उलट होतं. मला या खेळातली हीच जागा बघायला आवडते, बाकी सगळं तांत्रिक.

बनवायचं कशात? कागद, फोल्डर आणि खरी नंबरची कुलपं यात पण झकास होतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ती तीन आकडी. कॉम्प्युटरवर करायचं तर ट्वाईन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, गोष्टीत 'इकडे जा, तिकडे जा' असे फाटे फोडता येतात, देवनागरी नीट चालते आणि शेवटी एकच फाईल मिळते जी पेनड्राईव्हवरून नेट नसतानाही चालते. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर नेटचं काय होतं ते मी सांगायला नको, त्यामुळे गोष्ट ऑफलाईन आणि फक्त शोध ऑनलाईन, आणि दोन कुलपं तरी पूर्ण कागदावरची ठेवा. गूगल फॉर्ममध्ये पण करता येतं, उत्तर बरोबर असेल तरच पुढचा भाग उघडतो असं लावता येतं. मी तेच वापरायचो. एका पोराने पेजचा सोर्स उघडून त्यातून सगळी उत्तरं वाचून काढली आणि बारा मिनिटांत शेवटचं कुलूप उघडून माझ्यासमोर उभा. मी त्याला काही बोललो नाही, पुढच्या वर्षी खेळ तपासायला त्यालाच बसवला, तीन चुका काढल्या त्याने.

एन-लिस्टचे लॉगिन आदल्या दिवशीच चालू आहेत काय ते बघून घ्या. पासवर्डचे ईमेल पोरं उघडतच नाहीत आणि खेळाच्या दिवशी अर्धा तास त्यातच जातो. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' (सरकारी संस्थांना जर्नल वाचायला देणारी केंद्राची योजना) सुरू झालंय त्यात तुम्ही बसता काय हे तुमच्या ग्रंथपालांना विचारा, अनुदानित असाल तर एन-लिस्टवरच भागवायचं. ग्रंथपालांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या हो. आमची जात जरा रुसकी असते, पण एकदा रॅक हलवणार नाही म्हटलं की सगळं देतो.

आता चॅटबॉट. पोरं विचारणारच त्याला, अडवून उपयोग नाही. मी त्याचंच कुलूप केलंय: चार संदर्भ देतो, त्यातला एक बॉटने बनवलेला, लेखकाचं नाव, जर्नल, वर्ष, सगळं अगदी खऱ्यासारखं, पण असा लेखच नाही. कुठला खोटा ते शोधा. डीओआय ब्राउझरमध्ये टाकला की काही उघडत नाही किंवा भलताच लेख उघडतो, जर्नलच्या त्या अंकात ती पानं दुसऱ्याच लेखाची निघतात. हे एकदा स्वतः पकडलं की पोरं पुढे संदर्भ तपासतात, निदान काही जण. याच धर्तीवर एक बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचं, एक फॉरवर्डेड मेसेज, एक पर्यटनाचं पत्रक आणि एक शिलालेखावरचा लेख देऊन बांधकामाचं वर्ष विचारायचं. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळातली, १२०४ सालची. मेसेजमध्ये मी मुद्दाम दोनशे वर्षं मागे नेलेलं असतं, 'हजार वर्षांपूर्वीची' म्हटलं की बरं वाटतं ना वाचायला. शके आणि इसवी सनाचा घोळ पण इथेच काढा: शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीची तारीख असेल तर ७९, म्हणून दोन चांगल्या पुस्तकांत पण एका वर्षाचा फरक दिसू शकतो आणि त्यातलं एक खोटं आहे असं लगेच म्हणायचं नसतं.

वेळ दीड तास खेळाला आणि अर्धा तास नंतर बोलायला, तो अर्धा तास कापू नका, कितीही उशीर झाला तरी. प्रत्येक टीमकडे एक कागद ठेवा, काय टाकलं, काय आलं, मग काय बदललं, एवढे तीनच रकाने. शेवटी तो कागद वाचून दाखवायचा. जिंकलेल्या टीमचा कागद बहुतेक कंटाळवाणा निघतो, सगळ्यात जास्त चुकलेल्या टीमचा ऐकण्यासारखा. दर आठ-दहा मिनिटांनी अडलेल्या टीमला एक हिंट फुकट द्या, पण हिंट म्हणजे उत्तर नव्हे, प्रश्नच, मी त्या मुलीला विचारला तसा, पुस्तक कधीचं असेल. कुलपं पाच ठेवा, फार तर सहा. मी वर आठ-नऊ सांगितलीत ती सगळी एका दिवशी घालायला जाऊ नका, मी घातली होती एकदा, संध्याकाळी साडेसहाला शेवटची बस सुटली आणि पोरींच्या घरून फोन.

पहिल्यांदा करताय तर नावाचं कुलूप, रॅकचं कुलूप आणि शोधगंगा एवढंच घ्या. आधी तुमच्या दोन सहकाऱ्यांना खेळायला बसवा, पोरांवर सोडायच्या आधी, त्यात निम्म्या चुका निघतात. आणि बक्षीस म्हणून कुंदा आणणार असाल तर तो लायब्ररीच्या बाहेर वाटा, आमच्याकडे एकदा रीडिंग टेबलवर डबा उघडला होता, ९५४ च्या रॅकला अजून मुंग्या येतात.